चाक एक, भिंत एक

सुसंस्कृत माणसाला निदान एक तरी छंद असावा लागतो, हे आता सर्वमान्य झाले आहे. (ज्यांना ते मान्य नाही, त्यांचा अमान्य करणे हाच छंद असतो आणि ते तो नेमाने जोपासतात.) नोकरी पोटासाठी असते, झोप दुसऱ्या दिवशीच्या नोकरीसाठी असते; छंद मात्र निव्वळ पाहुण्यांसाठी असतो. पाहुणे चहाचा पहिला घोट घेतात, कप बशीत ठेवतात आणि विचारतात, "मग, बाकी वेळात काय करता?" या प्रश्नाला "काही नाही" असे उत्तर देणारा माणूस तो चहा संपेपर्यंत समाजातून उठलेला असतो.

पाणीमीटर दुरुस्ती कार्यालयातला तपासनीस गेली कित्येक वर्षे दर रविवारी असा समाजातून उठत होता.

त्याला उठवण्याचे काम मेहुण्याकडे होते. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला चार छंद होते आणि पाचवा घरात येऊ घातला होता. तो डोंगर चढे, बासरी वाजवी, मातीची भांडी करी आणि त्या भांड्यांत बुटकी झाडे लावी. (भांडी गळत, त्यामुळे झाडे बुटकी ठेवण्यासाठी वेगळे कष्ट पडत नसत.) रविवारी तो बहिणीकडे आला की आधी आपले चारही छंद सांगून घेई आणि मग मोठ्या मायेने विचारी, "भाऊजी, तुमचं काय नवीन?"

"मीटर," तपासनीस म्हणे.

"ते पगारासाठी झालं हो. मनासाठी काय?"

मनासाठी तपासनिसाकडे काहीच नव्हते. तो सकाळी दहापासून लोकांच्या घरची मीटरे उघडून बघे, आतली पाती मोकळी फिरते आहे की अडकते आहे ते नोंदवी, आणि संध्याकाळी घरी येऊन भिंतीला पाठ टेकून बसे. घरातल्या मोकळ्या भिंतीचा तेवढाच तुकडा त्याच्या वाट्याला होता. बाकीच्या भिंती भरलेल्या होत्या, कारण बायको शिवणकाम करी. एका भिंतीला शिवणयंत्र, दुसरीला पडद्यांच्या कापडाचे गठ्ठे, तिसरीला काचेचे कपाट, आणि चौथीला शाळेच्या गणवेशांची अशी चळत की तिच्यामागे भिंत आहे हे केवळ विश्वासावर मानायचे. ही माहिती पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून आधीच दिली.

छंद घ्यायचा असे तपासनिसाने ठरवले तेव्हा त्याच्या लक्षात आले की नातेवाइकांत चांगले छंद आधीच वाटले गेले आहेत. गाणे काकूकडे होते. फोटो काढणे आतेभावाकडे. वाचन शेजाऱ्यांकडे होते. (त्यांनी ते अजून सुरू केले नव्हते, पण पुस्तके आणून ठेवली होती, त्यामुळे हक्क त्यांचाच.) एक रिकामा छंद हवा होता, ज्यात मेहुण्याचा पाय नाही.

तो त्याला सायकलच्या दुकानात छताला उलटा टांगलेला सापडला. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये एक चाक, त्याला दोन पॅडल, वर एक सीट. तपासनीस मान वर करून बराच वेळ उभा राहिला आणि त्याने जागच्या जागी, आपल्या खात्याच्या पद्धतीने, एकचाकीचे गुण काढले. ते असे:

एक. चाक एकच असल्यामुळे पंक्चरची शक्यता निम्मी.

दोन. साखळी नाही, त्यामुळे पॅन्टला तेल लागत नाही.

तीन. ब्रेक नाहीत, त्यामुळे ब्रेक निकामी होण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

चार. "मागे बसू का?" असे कोणी विचारत नाही.

पाच. मेहुण्याकडे नाही.

पाचवे कारण गुणवत्तेने पहिले होते, पण कार्यालयीन टिपणीत खरे कारण नेहमी शेवटी घालतात, म्हणजे तिथवर कोणी वाचत नाही.

दुकानदाराला सगळे सायकलवाले म्हणत. त्यांनी काठीने ती वस्तू खाली काढली, धूळ फुंकली आणि शिकवणी सांगितली. "आधी भिंत धरा. एक हात भिंतीला आणि पाय मारत राहायचं. एवढं जमलं की या माझ्याकडे, पुढचं सांगतो."

तपासनीस म्हणाला, पुढचं आत्ताच सांगून टाका, म्हणजे पुन्हा चक्कर नको.

"आत्ता सांगितलं," सायकलवाले म्हणाले, "तर आत्ताच पडाल."

घरी चाक पाहून बायकोने शिवणयंत्राचे पायडल थांबवले नाही. तिने फक्त एवढेच विचारले की उरलेली सायकल कधी येणार. तपासनिसाने तिला समजावून सांगितले की ही पूर्ण आहे. "बरं," ती म्हणाली आणि तोंडातली टाचणी काढून पडद्याला लावली. "दोन पायांवर उभं राहून कंटाळलात म्हणायचं."

अडचण भिंतीची होती. घरात हात ठेवायला भिंत नव्हती. पहिल्याच प्रयत्नात तो गणवेशांच्या चळतीत शिरला आणि एका संपूर्ण इयत्तेच्या चड्ड्या त्याच्या अंगावर आल्या. बायकोने त्याला आणि चड्ड्यांना वेगळे केले आणि चाक बाहेर न्यायला सांगितले. म्हणून तपासनीस ते कार्यालयात घेऊन गेला.

पाणीमीटर दुरुस्ती कार्यालयाला दुसरे काही नसले तरी भिंत आहे. आवक खिडकीपासून भांडारापर्यंत एक लांबच लांब बोळ आहे आणि त्याची डावीकडची भिंत सलग जाते. कंबरेपर्यंत हिरवा तैलरंग, वर चुना. मध्ये फक्त लेखा विभागाचे एक दार. कार्यालय सुटले की तपासनीस तिथे चाकावर चढे, हात भिंतीला लावी आणि डुगडुगत भांडारापर्यंत जाई. हात भिंतीवरून सरकताना खसखस आवाज होई. तिथे उतरून, वळून, दुसरा हात लावून परत येई. हळूहळू डुगडुगणे कमी झाले, खसखस एकसारखी येऊ लागली, आणि तपासनिसाला आयुष्यात प्रथमच संध्याकाळ आवडू लागली.

पण "जमलं" म्हणजे नेमके किती जमलं, हे त्याला ठरवता येईना. मीटर एक तर बरोबर असते किंवा नसते; माणसाचे तसे सील लावून सांगता येत नाही. अजून जरा पक्कं होऊ दे, मग जाऊ, असे करत त्याने सायकलवाल्यांकडे जाणे पुढे ढकलले. शेवटी गेला तेव्हा तिथे गाद्यांचे दुकान झाले होते. गादीवाल्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले, मग हातातल्या चाकाकडे पाहिले.

"सायकलवाले गाव सोडून गेले," तो म्हणाला. "पडणार असाल तर गादी आहे."

अशा रीतीने त्या विद्येचा उत्तरार्ध जगातून नाहीसा झाला आणि पूर्वार्ध एका तपासनिसाच्या ताब्यात राहिला.

हे सगळे खासगीच राहिले असते, पण एका संध्याकाळी मोठे साहेब आपली छत्री विसरले म्हणून परत आले. बोळाच्या तोंडाशी त्यांनी पाहिले की आपल्या हाताखालचा माणूस जमिनीपासून दोन वीत उंचावरून, हात भिंतीला लावून, गंभीर चेहऱ्याने आपल्याकडे येतो आहे. तपासनिसाला थांबायचे शिकवलेले नव्हते. तो साहेबांपाशी पोचला आणि त्यांना धरून थांबला.

आता आपली बदली, असे त्याला वाटले. परंतु नशीब असे की त्याच आठवड्यात वरून आदेश आला होता: प्रत्येक कार्यालयाने कर्मचाऱ्यांमध्ये आनंद निर्माण करावा आणि तिमाहीअखेर कळवावा. शेजारच्या कार्यालयाने हास्यवर्ग काढला होता, पण तिथले दोघे हसण्याच्या वेळांवरून भांडले. मोठे साहेब आनंद कुठून आणावा या विवंचनेतच होते, आणि तो त्यांच्या गळ्यात पडला होता.

"हे सगळ्यांना जमेल?" त्यांनी विचारले.

"भिंत असेल तर," तपासनीस म्हणाला.

त्यातून एकचाकी छंद मंडळ स्थापन झाले. मोठे साहेब पदसिद्ध अध्यक्ष, तपासनीस संस्थापक-प्रशिक्षक, आणि भांडारपाल चिटणीस. भांडारपालाला सगळे कुलूपराव म्हणत, कारण तो रिकाम्या कपाटालाही कुलूप लावी. (आत काही नाही हे कळू नये म्हणून.) पहिल्याच सभेत कुलूपरावाने हात वर करून एक साधा प्रश्न विचारला: "भिंत धरून झालं. पुढे काय असतं?"

सगळे तपासनिसाकडे वळले. आजवर कोणी त्याच्याकडे असे वळले नव्हते. "मला माहीत नाही" हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले, त्यांनी सभागृहात डोकावले, मोठे साहेब पहिल्या रांगेत बसलेले पाहिले आणि ते मागे गेले.

"पुढे," तपासनीस म्हणाला, "हेच. पण चांगलं."

हे उत्तर सर्वांना पटले. खरे तर त्याचे सगळ्यांना बरेच वाटले. कुलूपरावाने ते बोळाच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत लावून घेतले.

मुख्यालयाने आनंदाच्या खर्चातून आणखी चाके पाठवली आणि मंडळाची प्रगती झपाट्याने झाली. पहिल्या तिमाहीत पडण्याचे वर्गीकरण असे होते: पुढे पडणे बेचाळीस टक्के, मागे पडणे एकतीस, भिंतीकडे पडणे एकोणीस (हे पडणे धरले जात नाही), आणि उरलेले आठ टक्के चाकावर बसण्यापूर्वीच रजेवर. दुसऱ्या तिमाहीत पुढे पडणे बरेच घटले, कारण कुलूपरावाने त्याचे नाव "अकाली आगमन" असे केले.

मग शास्त्र वाढू लागले. जाताना डावा हात, येताना उजवा. समोरासमोर दोघे आले तर भिंत कोणी सोडायची, यावर तीन सभा झाल्या. नियम झाला की कनिष्ठाने उतरावे. पण दोघेही आपापल्या परीने वरिष्ठ निघत, त्यामुळे बोळाच्या मध्यावर माणसे नाकाला नाक लावून सेवाज्येष्ठता सांगत थांबून राहू लागली. भिंतीवर खांद्याच्या उंचीला हातांच्या मळाचा एक काळपट, तुळतुळीत पट्टा उमटला. रंगाऱ्याला बोलावले तेव्हा त्याला दारातूनच परत पाठवण्यात आले. पट्टा ही आता परंपरा होती.

मंडळात दोन विचारप्रवाहही निर्माण झाले. एक उघड्या तळव्याचे, दुसरे हातमोज्याचे. मोजेवाल्यांचे म्हणणे, मोज्याने हात सहज सरकतो. तळवेवाल्यांचे म्हणणे, मग भिंत कळते कशी? या दोन गटांतली मंडळी डबा एकत्र खात नसत.

लेखा विभागाचे दार हा मोठा प्रश्न होता. तिथे भिंत तुटत होती आणि दाराच्या रुंदीएवढा वेळ हात हवेत राहत होता. दोघा-तिघांना तिथे चक्कर आल्यासारखे झाले. तपासनिसाला खरे तर ती जागा गुपचूप आवडत असे. हात सुटे आणि क्षणभर पोटात काहीतरी हलके होई, उतरणीवरून वेगात जाताना होते तसे. पण बहुमताने ठराव झाला आणि दार विटांनी बुजवण्यात आले. लेखा विभाग तेव्हापासून मागच्या खिडकीतून ये-जा करतो. त्यांची तक्रार नाही. त्यांच्याकडे आता कोणीच येत नाही आणि त्यांचे काम वेळेत होते.

जनतेनेही सहकार्य केले. मीटरची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आवक खिडकीतून सांगत, की साहेबांचा हात सध्या रिकामा नाही. ते अक्षरशः खरे असल्यामुळे कोणाला वाद घालता येत नसे.

आणि या सगळ्या काळात, एक गोष्ट नोंदवली पाहिजे, भिंत कायमची धरायची आहे असे कोणीही म्हणत नव्हते. कोणालाही विचारा, मोठ्या साहेबांना विचारा, हसून उत्तर येई, "सोडणारच आहे हो. जरा स्थिरस्थावर झालं की." तपासनीस तर रोज म्हणे, आणि मनापासून म्हणे. मंडळाचे सदस्य नसलेला मेहुणा रविवारी विचारी, "भाऊजी, मोकळ्यावर कधी चालवणार?" आणि तपासनीस म्हणे, "या हिवाळ्यात." एकदा तरी, कशालाही न धरता, या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे, एवढीच त्याची इच्छा होती. ती त्याने कोणाला बोलून दाखवली नव्हती, कारण प्रशिक्षकाची इच्छा विद्यार्थ्यांच्या सरावाइतकी साधी असून चालत नाही.

आपले चाक तो शनिवारी पुसण्यासाठी घरी आणी. एका रविवारी दुपारी तो केस कापून परत आला, दार ढकलले आणि उंबऱ्यातच थांबला. बायको स्वयंपाकघरातून बाल्कनीकडे निघाली होती. चाकावरून. दोन्ही हातांवर पिळलेले ओले कपडे होते, दातांत कपड्यांचे चिमटे होते, आणि आजूबाजूला धरायला काहीही नव्हते.

ती बाल्कनीत उतरली, चिमटे काढले आणि चादर झटकली. तपासनिसाने तिच्या हातांकडे पाहिले.

"हात कुठे लावलास?"

"कशाला?"

"भिंतीला."

"भिंतीला कशाला हात लावू? पडतेय का ती?"

चौकशीअंती असे निष्पन्न झाले की हे कित्येक महिने चालू होते. चाक वाटेत आडवे पडलेले असे. उचलून बाजूला ठेवण्यापेक्षा बसून पलीकडे नेणे सोपे, असे तिला वाटले. जन्मभर शिवणयंत्र चालवलेले. पाय खाली आपले काम करतात, हात वर आपले. पायांकडे बघायचे नाही एवढे तिला ठाऊक होते. घरात भिंत मोकळी नव्हती, त्यामुळे ती धरायची असते ही गोष्ट तिच्या कधी कानावरच पडली नव्हती.

"मला सांगायचं तरी," तपासनीस म्हणाला.

"काय सांगायचं? कपडे वाळत टाकले, हे काय सांगायचं असतं?"

तपासनीस खाली बसला. नेहमीच्या तुकड्याला पाठ टेकवून. ही बातमी फार वाईट वेळी आली होती. मंडळाचा वार्षिक मेळावा पंधरवड्यावर होता. मुख्यालयातून वरचे साहेब स्वतः येणार होते. एकचाकीचे काम पाहून ते समाधानी झाले, तर छंद अधिकारी असे नवे पद निर्माण होणार होते, आणि त्या पदावर कोण बसणार हे उघड होते. पदाबरोबर स्वतंत्र खोली होती. चार भिंती, आणि चारही स्वतःच्या. ज्याने आयुष्य इतरांच्या मीटरांसमोर उकिडवे बसून काढले, त्याला त्या खोलीचे काय वाटत असेल, हे ज्याचे गुडघे दुखतात त्यालाच कळेल.

शिवाय मेळाव्यात कुटुंबीयांचीही एक फेरी होती आणि मोठ्या साहेबांनी वहिनींचे नाव आपल्या हाताने घातले होते.

रात्रीच्या जेवणाला त्याने विषय काढला. त्या दिवशी फक्त भिंतीला हात लाव. नुसता टेकव. दाबूही नकोस. सगळे तसेच करतात.

बायको तयार झाली. नवऱ्यासाठी एवढे करायला तिची हरकत नव्हती. तिने त्याच्या पाठीमागचा मोकळा तुकडा वापरून सराव केला आणि तीनदा पडली. "मला नाही जमत हो," ती ढोपर चोळत म्हणाली. "हात टेकवला की माझा तोलच जातो. तुम्ही कसे काय राहता?"

तपासनिसाने तिला हळद लावली.

मेळाव्याच्या दिवशी बोळ झाडून घेतला होता आणि भिंतीच्या पट्ट्यावरून ओले फडके फिरवले होते. बोळ जिथे अंगणात उघडतो तिथे वरचे साहेब खुर्चीत बसले. शेजारी मोठे साहेब, मागे कर्मचारी, त्यांच्या मागे कुटुंबीय, आणि कुटुंबीयांत मेहुणा, मांडीवर बासरी घेऊन. (कोणी सांगितले नव्हते.) तपासनीस मुख्य परीक्षक होता. मोठ्या साहेबांनी उघड्या तळव्याने भिंत घासत एक फेरी पूर्ण केली, तेव्हा वरच्या साहेबांनी मान डोलावली. कुलूपरावाने हातमोज्याने फेरी केली, तेव्हाही डोलावली. मग तपासनिसाची बायको आली.

तिने हात भिंतीला टेकवला. ती डुगडुगली. नवऱ्याकडे एकदा पाहिले, पुन्हा टेकवला, पुन्हा डुगडुगली. मग जे होईल ते होईल अशा चेहऱ्याने तिने हात काढून घेतला आणि अंगणात निघून गेली.

ती पाण्याच्या टाकीला वळसा घालून गेली. लेखा विभागाच्या खिडकीसमोरून गेली, तेव्हा आतल्या मंडळींनी तिला हात केला आणि तिने त्यांना. टाकीशी तिचा अंबाडा सुटला. तिने दोन्ही हात डोक्यामागे नेऊन, चालत्या चाकावर, तो सावकाश बांधला. मग परत येऊन वरच्या साहेबांसमोर उतरली आणि चाक भिंतीला टेकवून ठेवले.

मेहुण्याने टाळ्या वाजवल्या, आपण एकटेच आहोत हे पाहिले आणि टाळ्यांचा शेवट डास मारल्यासारखा केला.

"हे काय होतं?" वरच्या साहेबांनी विचारले.

सगळे तपासनिसाकडे वळले. पहिल्या सभेत वळले होते तसेच. त्याला सांगता आले असते की साहेब, ही एकचाकी होती. आम्ही इथे जे करतो ती भिंत आहे. वाक्य तयार होते. बायकोही त्याच्याकडे बघत होती, रागाने नव्हे, नुसती, टाचणी तोंडात असताना बघते तशी. पण त्याच्या डोळ्यांपुढे ती खोली उभी राहिली, चारही भिंतींसकट.

"हात सुटला त्यांचा," तपासनीस म्हणाला.

सभेने सुटकेचा निःश्वास टाकला. पुढचे सगळे नियमाने झाले. भिंतीशी संपर्क: निरंक. भिंतीवरील अंतर: निरंक. पडणे: निरंक. (पडल्या असत्या तर निदान प्रयत्नाचे गुण देता आले असते.) कुटुंबीय गटात त्यांचा क्रमांक शेवटचा आला. वरचे साहेब मनाने मोठे होते. त्यांनी बाईंना जवळ बोलावून उत्तेजनार्थ हातमोज्यांचा एक जोड दिला आणि म्हणाले, "निराश होऊ नका. हळूहळू जमेल."

"सुरुवातीला सगळ्यांचाच सुटतो," मोठे साहेब म्हणाले.

दोघे घरी आले. बायकोने चहा ठेवला. पातेले नव्या हातमोज्यांनी उतरवले आणि मोजे चांगले आहेत असे ती म्हणाली.

"चिडलीस?"

"चिडायचं काय त्यात? मी घरातल्या घरात कपडे टाकते, मला कुठे खोली हवीय?" तिने कप त्याच्यापुढे ठेवला. "पण तुमचं वाईट वाटलं. एवढं रोज जाता, एवढं करता, आणि अजून एकदाही बसला नाहीत."

तपासनिसाने चहा निम्मा ठेवला. उठला, चाक घेतले, स्वयंपाकघराच्या दारात उभे केले आणि वर चढला. त्याचा हात आपोआप बाजूला गेला.

"कपाटाला नको," बायको यंत्रावर बसत म्हणाली, "काच आहे. गठ्ठ्यांना नको, गिऱ्हाइकाचे आहेत. गणवेशांना तर मुळीच नको, उद्या द्यायचेत."

हात हवेत राहिला. ठेवायला जागाच नव्हती. तेवढ्यात शिवणयंत्र सुरू झाले, खटखट, खटखट, आणि त्या ठेक्यात तपासनिसाचे पाय फिरू लागले. लेखा विभागाच्या दारापाशी पोटात व्हायचे ते हलके काहीतरी झाले, आणि दाराएवढे अंतर संपले तरी ते संपेना. कपाट गेले. गठ्ठे गेले. गणवेश, एका अंगठ्याच्या अंतराने, गेले. बाल्कनीचा कठडा पोटाला लागला तेव्हा तो थांबला.

जगात काही बदल झाला नव्हता. समोरच्या बाल्कनीत एक माणूस उशी उन्हात टाकत होता. त्याने उशी उलटी केली. तपासनिसाने वळून पाहिले, तर बायकोचे डोळे शिवणीवर होते.

"बघितलंस?"

"ऐकलं," ती म्हणाली. "खसखस आली नाही."

त्या रात्री तपासनीस झोपेत हसला, असे ती सांगते.

सोमवारी तो छंद अधिकारी झाला. बोळाच्या तोंडाशी सगळे मंडळ फुलांचा गुच्छ घेऊन उभे होते. आज सांगून टाकायचे, असे ठरवूनच तो घरून निघाला होता. हात सोडा, काही होत नाही, गणवेशसुद्धा पडत नाहीत. त्याने तोंड उघडले.

"साहेब," कुलूपराव म्हणाला. तपासनिसाला आजवर कोणी साहेब म्हटले नव्हते. "आता तुम्ही एवढ्या वर पोचलात. आता तरी सांगा, पुढे काय असतं?"

छंद अधिकाऱ्याने मंडळाकडे पाहिले. खोलीच्या दाराकडे पाहिले. दारावरची पाटी अजून ओली होती.

"हेच," तो म्हणाला. "पण चांगलं."

आणि त्याने चाकावर चढून हात भिंतीला लावला.

तेव्हापासून व्यवस्था नीट बसली आहे. रविवारी तो स्वयंपाकघर ते बाल्कनी मोकळा जातो, कधी कधी ओले कपडेही नेतो. आठवडाभर कार्यालयात भिंत धरतो. बायकोने एकदा विचारले की तिथे कधी सोडणार. तो म्हणाला, सोडणारच आहे, जरा स्थिरस्थावर झालं की. हे तो अजूनही मनापासून म्हणतो.

मंडळाची सदस्यसंख्या वाढती आहे. बोळ अपुरा पडू लागल्याने इमारतीबाहेरील नागरिकांनाही आता प्रवेश खुला करण्यात आला आहे. एकचाकी जवळ असण्याची अट नाही. चाक नसले तरी चालते. भिंत ज्याची त्याने आणायची आहे, आणि ती बहुतेकांकडे असते. चाचणी तोंडी असून "सोडणारच आहे, जरा स्थिरस्थावर झालं की" एवढे एकच वाक्य न अडखळता म्हणून दाखवावे लागते. आपण ते शेवटचे कधी म्हणालात ते आठवून पाहावे. या वर्षी म्हणाला असाल, तर अर्ज करण्याची तसदी घेऊ नये. आपले नाव आधीच घेतलेले आहे.